सुभेदार रामजींची छावणी आणि गावाचा विटाळ

तिसगावहून नगरच्या न्यायालयात जाताना वाटेत भिंगारचा कॅम्प लागतो. परवा याच वाटेवर शेजारी बसलेले एक सुशिक्षित गृहस्थ आम्हाला सांगू लागले की, अस्पृश्यता ही मुळात स्वच्छतेची बाब होती. तुमचे लोक टापटीप राहिले असते तर कुणी दूर लोटलेच नसते. वकिलाने अशा युक्तिवादाला पुराव्यानेच उत्तर द्यावे. आमचा पुरावा म्हणजे विश्वरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे पिताश्री सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांचे जीवन होय.

रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे हे रामजींचे मूळ गाव. वडील मालोजी फौजेत होते. रामजीही फौजेत गेले, पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये शिकले आणि लष्करी शाळेत चौदा वर्षे मुख्याध्यापक राहिले. फौजेत सैनिकांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे होते. गावच्या शाळेत ज्यांची सावली चालत नव्हती, त्यांच्यातला एक माणूस छावणीत गुरुजी झाला!

ती छावणी कशी होती? १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी हिंदुस्थानातील फौजेच्या आरोग्याची चौकशी केली. १८६३ च्या अहवालात दिसून आले की गोरे सैनिक दरवर्षी हजारी ६९ या प्रमाणात मरत होते, आणि त्यांना मारणाऱ्या शत्रूची नावे होती पटकी, हगवण, ताप. मग पाणी, गटारे, शौचकूप, बराकीतील हवा यांकडे लक्ष गेले. १८६४ साली छावण्यांचा कायदा झाला. ही काळजी आधी गोऱ्यांसाठी होती, हे विसरू नये. देशी शिपाई आपल्या लाइनीत झोपड्या बांधून राही, स्वतःच रांधून खाई. तरीही बिगुल वाजताच उठणे, स्वच्छ गणवेश, कवायत, तपासणी ही शिस्त त्यालाही होती. छावणीत स्वच्छता ही रोज करायची कृती होती. गावात मात्र ती जन्माने मिळत होती, आणि जन्मानेच नाकारली जात होती.

रामजींनी ही शिस्त घरात आणली. ते कबीरपंथी होते, मद्य-मांसापासून दूर होते. १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत भीमरावांचा जन्म झाला. पुढे इंग्रजांनी महारांची भरती बंद केली, तेव्हा रामजींनी न्या. रानडे यांच्या मदतीने सरकारकडे दाद मागितली. निवृत्तीनंतर ते दापोलीला आणि मग साताऱ्याला नोकरीनिमित्त राहिले. तेथेच माता भीमाबाईंचे निधन झाले.

आता पुरावा पाहा. साताऱ्यात न्हावी होते, धोबी होते, सुभेदारांकडे पैसेही होते. पण न्हावी केस कापेना, धोबी कपडे धुवेना. भीमरावांचे केस थोरली बहीण कापी, कपडे बहिणी धूत. सुमारे नऊ वर्षांचे भीमराव भाऊ आणि भाच्यांसह वडिलांकडे गोरेगावला निघाले, तेव्हा मसूर स्टेशनच्या मास्तरांना ही नीटनेटकी मुले ब्राह्मणांची वाटली. जात कळताच ते मागे सरले. गाडीवान दुप्पट भाड्याशिवाय तयार होईना. वाटेत प्यायला पाणी मिळाले ते गुरांच्या शेणामुताचे! धुतलेले अंग, नीटनेटके कपडे, शिकलेला बाप, काही उपयोग झाला नाही. घाण मुलांच्या अंगावर नव्हती, ती पाहणाऱ्याच्या मनात होती. त्या गृहस्थांच्या युक्तिवादाचा निकाल येथेच लागतो.

परंतु आम्ही छावणीचेही गोडवे गाणार नाही. ती छावणी स्वच्छ ठेवत होते मेहतर. शिपायाच्या अंगावर गणवेश चढला, मेहतराच्या डोक्यावर मैल्याची पाटी तशीच राहिली. इंग्रजांनी आरोग्याचे शास्त्र आणले, पण घाण उपसण्याचे काम जातीवरच सोपवले. २०१३ साली हाताने मैला उचलण्यावर बंदी घालणारा कायदा झाला. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्यू पावलेल्यांच्या वारसांना ३० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. भरपाई वाढवावी लागते, याचाच अर्थ गटारातले मरण थांबलेले नाही.

मुंबईत डबक चाळीच्या एका खोलीत रामजी पहाटे दोनला भीमरावांना अभ्यासासाठी उठवत. स्वतः झीज सोसून त्यांनी मुलाला शिकवले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी ते गेले. त्यांनी मुलाला टापटीप दिली ती कुणी जवळ घ्यावे म्हणून नव्हे, तर स्वाभिमान म्हणून. आपणही आपली वस्ती स्वच्छ ठेवावी ती याच भावनेने. आणि त्या वस्तीची गटारे कोण उपसतो, त्याला हातमोजे आणि यंत्र मिळते का, हे नगरपालिकेला आणि ग्रामपंचायतीला लेखी विचारावे. अर्ज लिहायला आम्ही बसलोच आहोत.

जयभीम!