बाबासाहेबांची शिष्यवृत्ती

बाबासाहेब आंबेडकरांच्या शिष्यवृत्तीचा आम्हां बडोदेकरांना अभिमान आहे. मुंबईत बी.ए. करताना केळुसकर गुरुजींनी शब्द टाकला आणि सयाजीराव महाराजांकडून दरमहा २५ रुपये सुरू झाले. १९१३ मध्ये परदेशासाठी दरमहा साडेअकरा पौंड मंजूर झाले, तीन वर्षांकरिता. अट, परतल्यावर संस्थानात दहा वर्षे नोकरी. ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकले. पुढे लंडनचे शिक्षण मात्र मुदत संपल्याने अर्धवट सोडून १९१७ मध्ये ते नोकरीसाठी बडोद्यास आले. इथे त्यांना अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना, नोकरी सोडावी लागली. (हे सांगायला आम्ही कचरतो.) मुंबईत प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत, मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेऊन १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. १९२३ मध्ये ते डी.एस्सी. झाले.