डॉ. द्वारकानाथ कोटणीस

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या बीड जिल्ह्यात डोळ्यांची शिबिरे भरतात. शहरातले डॉक्टर येतात, गरिबांना मोफत तपासतात आणि परत जातात. पण असेच सेवेसाठी गेलेले एक डॉक्टर परत आलेच नाहीत. ते होते डॉ. द्वारकानाथ कोटणीस.

बीडवरून जाणारा महामार्ग सोलापूरला पोहोचतो. त्याच सोलापुरात १० ऑक्टोबर १९१० रोजी त्यांचा जन्म झाला. मुंबईत शिकून ते डॉक्टर झाले.

१९३७ साली जपानने चीनवर मोठा हल्ला केला. चीनमध्ये जखमी पुष्कळ होते, डॉक्टर मात्र थोडे. चीनने भारताकडे मदत मागितली. तेव्हा आपणही पारतंत्र्यात होतो. तरीही सप्टेंबर १९३८ मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टर पाठवले. त्यांत कोटणीस होते.

चीनमध्ये असतानाच त्यांना वडिलांच्या निधनाची बातमी कळली. तुम्हीच विचार करा, अशा वेळी कोणाला घरी जावेसे वाटणार नाही? पण जखमींना सोडून जाणे त्यांना पटले नाही. दुःख मनात ठेवून ते कामाला लागले.

जखमेवर लवकर उपचार झाले नाहीत, तर ती सडते आणि माणूस दगावतो. म्हणून डॉक्टरांनी जखमींच्या जवळ राहणे गरजेचे होते. कोटणीस थेट लढाईच्या भागात गेले. १९४० साली एका लढाईत त्यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्या. लोकांशी बोलता यावे म्हणून ते चिनी भाषा शिकले. १९४१ साली ते तेथील बेथून रुग्णालयाचे प्रमुख झाले. त्याच वर्षी त्यांनी क्वो छिंगलान या चिनी तरुणीशी विवाह केला. मुलाचे नाव ठेवले इनहुआ. 'इन' म्हणजे भारत आणि 'हुआ' म्हणजे चीन.

पुढे त्यांना फेफऱ्याचे झटके येऊ लागले. तरी त्यांनी काम थांबवले नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. तेव्हा इनहुआ काही महिन्यांचाच होता.

उर्दूचे नामवंत लेखक ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्या जीवनावर पुस्तक लिहिले. त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ साली चित्रपट काढला. चीनमध्ये आजही त्यांच्या समाधीवर लोक फुले वाहतात.

मित्रांनो, ते जखमी कोटणीसांच्या देशाचे नव्हते, धर्माचे नव्हते, भाषेचेही नव्हते. त्यांनी फक्त जखम पाहिली. उद्या तुमच्यापैकी कोणी डॉक्टर झाले, तर हे विसरू नका.