खिशातले ४० डॉलर पत्त्यांत घालवणाऱ्या टारझनच्या बापानं मंगळावरचा जुगार जन्माला घातला

टारझन माहीत नाही असा माणूस शोधून सापडणार नाही. १९३७ साली मुंबईच्या वाडिया मूव्हीटोननं 'तूफानी टारझन' काढला होता. १९८५ साली हेमंत बिर्जेचा 'अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ टारझन' आला. आजही गल्लीतलं एखादं पोरगं झाडाला लोंबकळलं की त्याला टारझनच म्हणतात.

पण हा टारझन ज्याच्या डोक्यातून आला, त्या एडगर राईस बरोजनं अजून एक भन्नाट काम करून ठेवलंय. त्यानं मंगळावर खेळला जाणारा एक जुगार तयार केला. नुसतं नाव देऊन सोडला नाही, तर पट किती घरांचा, सोंगट्या कुठल्या, त्या चालतात कशा आणि पैसे लावायचे कसे, हे सगळं त्यानं लिहून ठेवलं.

आज फँटसीच्या दुनियेत असे खेळ पायलीला पन्नास मिळतात. हॅरी पॉटरमध्ये सोंगट्या एकमेकांना फोडून काढतात तो जादूचा बुद्धिबळ आहे. स्टार वॉर्समध्ये सबाक नावाचा पत्त्यांचा जुगार आहे, ज्यात हान सोलोनं अख्खं यान जिंकलं. पण बरोजचा खेळ आला होता १९२२ साली.

या खेळात खरी मेख आहे ती पणाची. म्हणजे डाव लावतो कोण आणि हरल्यावर भरतो कोण? हा प्रश्न बरोजला पुस्तकात सापडला नव्हता, तो त्यानं स्वतःच्या घरात पाहिला होता.

एडगरचा जन्म १ सप्टेंबर १८७५ चा, शिकागोतला. वडील अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलेले, नंतर धंद्यात उतरलेले. घर खाऊनपिऊन सुखी. पण पोराचं बस्तान काही बसेना. शाळा बदलत बदलत गडी मिशिगनच्या मिलिटरी अकॅडमीत पोहोचला. वेस्ट पॉईंट या अमेरिकेतल्या नावाजलेल्या लष्करी संस्थेची परीक्षा दिली, त्यात नापास झाला. मग १८९६ मध्ये साधा शिपाई म्हणून घोडदळात भरती झाला आणि ॲरिझोनाच्या वाळवंटात गेला. तिथं डॉक्टरांना त्याच्या हृदयात दोष सापडला आणि वर्षभरातच घरी परत यावं लागलं.

१९०० साली त्यानं एमा हल्बर्टशी लग्न केलं. वडिलांच्या बॅटरीच्या कारखान्यात नोकरी होती, पण त्यात मन लागेना. १९०३ मध्ये नोकरी सोडून बायकोला घेऊन तो आयडाहोला गेला. तिथं त्याचे भाऊ नदीच्या गाळातून सोनं काढायच्या धंद्यात होते. काही काळातच तो धंदाही बसला.

तेव्हाचा किस्सा बरोजनं पुढं स्वतःच लिहून ठेवलाय.

नवरा-बायको आयडाहोतल्या पार्मा नावाच्या छोट्या गावात आले. सोबत एक कुत्रा आणि खिशात फक्त ४० डॉलर. गावात पोकरचा डाव चालू होता. एडगरनं विचार केला, या चाळीसचे काहीशे करून आणू. एमाला भाड्याच्या खोलीत सोडलं आणि तो डावावर जाऊन बसला. मध्यरात्री परत आला तेव्हा कुत्रा तेवढा शिल्लक होता.

पुढं त्यानं हा किस्सा हसत सांगितला. पण त्या रात्री गेलेल्या पैशांत अर्धा वाटा एमाचा होता, आणि तिला कुणी विचारलंच नव्हतं.

त्यानंतरची सात-आठ वर्षं वाईट गेली. सॉल्ट लेक सिटीत तो रेल्वेचा पोलीस झाला. घरातलं सामान लिलावात काढून दोघं शिकागोला परतले. मग एकामागोमाग एक नोकऱ्या. सिअर्स रोबक या मोठ्या कंपनीत बरी नोकरी लागली होती, तीही धंदा करायच्या नादात सोडली. धंदा बुडाला. तोवर दोन पोरं झाली होती. घरात दाणा नाही म्हणून एमाचे दागिने गहाण पडले. डाव पुन्हा एडगरचा होता आणि पुन्हा भरलं एमानं.

१९११ साली तो पेन्सिलला टोक करायची मशिनं विकणाऱ्या पोरांवर देखरेख करत होता. मशिनं काही खपत नव्हती. त्याआधीच्या एका कामात त्याला स्वस्तातल्या कथा-मासिकांमधल्या जाहिराती तपासाव्या लागायच्या. जाहिराती बघता बघता तो कथाही वाचायचा. हे असलं लिहून लोकांना पैसे मिळत असतील, तर आपण का लिहू नये, असं त्याच्या मनात आलं.

बंद पडलेल्या धंद्याचे जुने लेटरहेड घरात पडून होते. त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर त्यानं मंगळावरची एक कादंबरी लिहायला घेतली. त्या काळात पर्सिव्हल लोवेल या खगोल अभ्यासकामुळं मंगळावर कालवे आहेत, म्हणजे तिथं कुणीतरी राहत असणार, अशी चर्चा जोरात होती. बरोजनं त्या मंगळाला 'बारसूम' नाव दिलं आणि तिथं जॉन कार्टर नावाचा अमेरिकन सैनिक पाठवला.

'ऑल-स्टोरी' मासिकानं ती कथा ४०० डॉलरला घेतली. १९१२ च्या फेब्रुवारीपासून ती क्रमशः छापून आली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याच मासिकात टारझन आला. त्याचे मिळाले ७०० डॉलर. पुढच्याच वर्षी, तिसरं मूल झालेलं असताना, एडगरनं नोकरी सोडून फक्त लेखनावर जगायचं ठरवलं. त्याच्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा डाव, आणि तो लागला.

१९१४ मध्ये टारझनचं पुस्तक आलं, १९१८ मध्ये सिनेमा. १९१९ मध्ये बरोजनं कॅलिफोर्नियात ५०० एकरांहून मोठं रँच विकत घेतलं आणि त्याचं नाव ठेवलं टारझाना. तिथं वसलेल्या वस्तीचं नाव आजही तेच आहे.

आता येऊ त्या जुगारावर.

१९२२ साली बारसूम मालिकेतली पाचवी कादंबरी आली, 'द चेसमेन ऑफ मार्स'. तिची सुरुवातच बुद्धिबळाच्या डावानं होते. लेखक नुकताच हरलेला असतो आणि जॉन कार्टर येऊन त्याला मंगळावरच्या खेळाबद्दल सांगतो. खेळाचं नाव जेटान.

काल्पनिक खेळ रचताना लेखक एका जागी हमखास अडकतात. खेळ इतका नवा असतो की कोण जिंकतंय तेच वाचकाला कळत नाही, आणि ते कळलं नाही की पणाला काय लागलंय याची भीतीही वाटत नाही. बरोजनं लोकांना आधीच येणारा बुद्धिबळ घेतला आणि त्यात मोजके बदल केले.

पट ६४ घरांऐवजी १०० घरांचा, काळी आणि नारिंगी घरं. प्रत्येकाकडे २० सोंगट्या. प्याद्यांच्या जागी 'पँथन', म्हणजे भाडोत्री सैनिक, जे आपल्या प्याद्यांसारखेच मागं सरकत नाहीत. एक घर सरळ आणि एक घर तिरकं जाणारा 'थोट', म्हणजे मंगळावरचं आठ पायांचं जनावर. वजीर नाहीच. त्याऐवजी एक सरदार आणि एक राजकन्या. राजकन्या कुणाला मारू शकत नाही, पण अख्ख्या डावात एकदा दहा घरांपर्यंत पळून जाऊ शकते.

राजकन्येच्या घरात शत्रूची कुठलीही सोंगटी पोचली की डाव संपला. किंवा एका सरदारानं दुसऱ्या सरदाराला मारलं तरी डाव संपला. पण सरदाराला दुसऱ्याच कुठल्या सोंगटीनं मारलं तर डाव बरोबरीत!

हे ऐकायला विचित्र वाटतं, पण इथंच जुगार घुसतो. बरोजच्या नियमांप्रमाणं मंगळावरचे लोक दोन प्रकारे पैसे लावतात. एक मुख्य पण, जो डाव जिंकणाऱ्याला मिळतो. शिवाय प्रत्येक सोंगटीच्या डोक्यावर तिच्या वकुबाप्रमाणं किंमत ठेवलेली असते. सोंगटी मेली की तिच्या मालकानं तेवढे पैसे समोरच्याला द्यायचे.

समजा मुख्य पण १०० रुपयांचा आहे. पँथनची किंमत ५ रुपये, मोठ्या सोंगट्यांची २० ते ३०. तुम्ही डाव जिंकलात, १०० रुपये मिळाले. पण जिंकण्यासाठी चार मोठ्या सोंगट्या आणि सहा पँथन बळी दिले असतील, तर तिकडं सवाशेच्या आसपास गेले. समोरच्याच्या फारशा सोंगट्या पडल्या नसतील तर डाव जिंकूनही तुम्ही घाट्यात. आणि बरोबरी झाली तरी हिशोब सुटत नाही, कारण ज्याच्या सोंगट्या जास्त पडल्या त्याच्या खिशातून पैसे गेलेले असतातच.

आपल्या बुद्धिबळात प्यादं बळी देणं ही हुशारी समजतात. जेटानमध्ये प्रत्येक प्याद्याची किंमत खेळणाऱ्याच्या खिशातून जाते.

पण कादंबरीत मनाटोर नावाचं एक शहर आहे आणि तिथं हाच खेळ उलटा होतो. तिथं पट म्हणजे मोठं मैदान आणि सोंगट्या म्हणजे जिवंत माणसं. गुलाम, कैदी, गुन्हेगार. एका घरात दोन सोंगट्या आल्या की तलवारी निघतात. जो जिंकेल त्याचं घर. म्हणजे चाल अचूक असली तरी उपयोग नाही, लढणारा माणूस पडला तर घर गेलं. या डावात हिलियमची राजकन्या तारा पणाला लागते आणि तिच्यावर प्रेम करणारा गहान वेश पालटून, सरदार म्हणून पटावर उतरतो.

आपल्याला लगेच द्यूतसभा आठवते. युधिष्ठिरानं भाऊ लावले, स्वतःला लावलं, मग द्रौपदीला लावलं. पण तो स्वतःही हरला होता. मनाटोरचा राजा डाव बघतो, मजा घेतो आणि हरत काहीच नाही. 'स्क्विड गेम'मध्ये मुखवटे घालून सोफ्यावर बसलेले श्रीमंत आठवा, त्यांचं आणि या राजाचं जातकुळ एकच. दोन्हीकडं सोंगटीची किंमत सोंगटीलाच मोजावी लागते.

बरोजनं पुस्तकाच्या शेवटी जेटानचे नियम परिशिष्ट म्हणून छापले. वाचकांनी ते मनावर घेतलं आणि पट बनवून खेळायला सुरुवात केली. लेवनवर्थच्या तुरुंगातल्या एका कैद्यानं तर सोंगट्यांचा अख्खा संच कोरला आणि बरोजला कळवलं. काही नियम मोघम होते, त्यावर चाहते आजही वाद घालतात.

लिखाणात बरोजचे दोषही मोठे आहेत. आफ्रिकेत कधी पाऊल न ठेवता त्यानं टारझनचं जंगल रंगवलं आणि तिथली काळी माणसं अनेकदा हिणवूनच दाखवली. त्यावर आज टीका होते आणि ती रास्त आहे. मनाटोरच्या गुलामांबद्दल कळवळा दाखवणाऱ्या माणसाला खऱ्या जगातली माणसं मात्र तशी दिसली नाहीत.

पैसा आल्यावरही त्याची डाव लावायची खोड गेली नाही. १९२९ च्या सुमारास त्यानं विमानाचं इंजिन आणि विमानतळ अशा धंद्यांत पैसे घातले आणि ते बुडाले. १९३१ पासून मात्र स्वतःची पुस्तकं स्वतःच्याच कंपनीतर्फे छापायला लागला.

१९३४ मध्ये एमाशी घटस्फोट झाला. पार्माच्या खोलीत वाट बघणारी, दागिने गहाण टाकणारी एमा बाजूला पडली. पुढच्याच वर्षी एडगरनं दुसरं लग्न केलं, तेही टिकलं नाही. १९४४ मध्ये एमा गेली.

डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले तेव्हा बरोज होनोलुलूतच होता. ६६ वर्षांचा हा माणूस मग युद्धवार्ताहर झाला. १९ मार्च १९५० ला, रविवारी सकाळी, पेपरातली कॉमिक्स वाचत असताना त्याचं हृदय थांबलं. वय होतं ७४. त्याच्या अस्थी टारझानातल्या ऑफिससमोरच्या झाडाखाली पुरल्या आहेत.

१९७४ मध्ये, 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' ज्या वर्षी आला त्याच वर्षी, त्याचा एक जनक गॅरी गायगॅक्स यानं ब्रायन ब्लूमसोबत बरोजच्या मंगळावर आधारित एक युद्धखेळही काढला. काल्पनिक दुनियेत फासे टाकून खेळणाऱ्यांची जी पिढी पुढं तयार झाली, तिच्या वाचनात बरोज होताच.

आज मोबाईलवर कुठलाही पैशांचा गेम उघडा, रंग, आवाज, बक्षीस सगळं झगमगीत असतं. त्यात शिरण्याआधी जेटानचा नियम लावून बघा. डाव लावणारा कोण, आणि सोंगटी पडली की कुणाच्या घरातून पैसे जाणार? खोलीत वाट बघत बसलेल्या माणसाला ते आधी विचारलेलं बरं.