दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तरी जेपी थांबले नाहीत!

नोव्हेंबर १९७५. देशात आणीबाणी लागू होती. चंदीगडमध्ये नजरकैदेत असलेले जयप्रकाश नारायण पॅरोलवर सुटले आणि दिल्लीमार्गे मुंबईच्या जसलोक हॉस्पिटलमध्ये दाखल झाले. निदान झालं, दोन्ही किडन्या निकामी. तेव्हा त्यांचं वय होतं ७३.

जेपींचा जन्म ११ ऑक्टोबर १९०२ चा, सिताबदियारा गावातला. अमेरिकेत शिकून आले आणि स्वातंत्र्यलढ्यात उतरले. १९३२ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांची अच्युत पटवर्धन, ना. ग. गोरे यांच्याशी गट्टी जमली. तिथल्या चर्चांतूनच पुढे १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. १९४२ च्या दिवाळीत तर ते हजारीबाग तुरुंगाची भिंत ओलांडून पसार झाले. १९७४ मध्ये त्यांनी संपूर्ण क्रांतीची हाक दिली आणि वर्षभरात पुन्हा अटक झाली.

किडनी निकामी होते म्हणजे नेमकं काय होतं?

निरोगी किडन्या दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात. त्यातलं दीड-दोन लिटरच लघवीवाटे जातं, बाकीचं रक्तात परत येतं. पाणी कमी पडलं की रक्तातल्या क्षारांचं प्रमाण वाढतं. मेंदूतल्या काही खास पेशींमधलं पाणी त्यामुळे बाहेर ओढलं जातं आणि त्या आक्रसतात. हा झाला इशारा. मग तहान लागते आणि एडीएच नावाचं हार्मोन सुटतं. ते किडनीतल्या बारीक नळ्यांच्या पेशींना पाण्याची दारं उघडायला लावतं, पाणी वाचतं आणि लघवी गडद होते. पाणी जास्त झालं की हीच दारं बंद होतात.

किडनीच बंद पडली तर इशारा ऐकणारं कुणी उरत नाही. प्यायलेलं पाणी अंगात साठतं, पाय सुजतात, फुफ्फुसात पाणी भरून दम लागतो. डायलिसिसचं मशीन हे जादा पाणी आणि रक्तातली घाण काढतं, पण ते काही तासांपुरतंच. किडनी मात्र चोवीस तास काम करत असते. म्हणून दोन डायलिसिसच्या मध्ये प्यायचं पाणीही मोजून घ्यावं लागतं.

जेपींचं उरलेलं आयुष्य असंच मशीनच्या वेळापत्रकावर गेलं. तरीही १९७७ च्या निवडणुकीत विखुरलेल्या विरोधकांना त्यांनी एकत्र आणलं. जनता पक्ष जिंकला आणि केंद्रात पहिल्यांदाच बिगरकाँग्रेसी सरकार आलं.

मार्च १९७९ मध्ये ते जसलोकमध्येच होते, आणि लोकसभेत त्यांना श्रद्धांजलीही वाहून झाली! बातमी खोटी होती, जेपी जिवंत होते. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी, ७७ व्या वाढदिवसाच्या तीन दिवस आधी, पाटण्यात त्यांचं निधन झालं.

आज डायलिसिससाठी सानपाड्याच्या रुग्णाला मुंबई गाठावी लागत नाही, नवी मुंबईतच सोय आहे. पाणी मोजून पिण्याचा नियम मात्र तोच आहे.