आधी मोजा, मग वापरा!

एक्स-रे काढताना टेक्निशियन ‘श्वास रोखा’ म्हणतो अन् स्वतः चटकन आडोशाला जातो. त्याच्या खिशाला एक छोटा बॅज असतो. त्याला किती रेडिएशन लागलं, ते त्यावरून कळतं. हा हिशेब असतो मिलिसिव्हर्टमध्ये. पण हे सिव्हर्ट कोण?

रॉल्फ सिव्हर्ट यांचा जन्म १८९६ चा, स्टॉकहोमचा. एक्स-रेचा शोध लागून तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. वडिलांचा केबलचा कारखाना, घरी पैशाला तोटा नाही. रॉल्फ मात्र रमले ते फिजिक्समध्ये.

त्या काळात डोसचा अंदाज बांधायचा तो कातडी किती लाल होते त्यावरून! किरणांमुळे बोटं, हात, अगदी जीवही गमावलेले डॉक्टर कमी नव्हते. किती लागलं हेच कळत नसेल, तर वाचायचं कसं? १९२४ पासून सिव्हर्ट यांनी स्टॉकहोमच्या ‘रेडियमहेमेट’ या कॅन्सर रुग्णालयातली फिजिक्स लॅब सांभाळली आणि डोस मोजणारी छोटी उपकरणं बनवली.

१९२८ मध्ये स्टॉकहोमलाच किरणांपासून संरक्षणाचे नियम ठरवणारी आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली. सिव्हर्ट तिचे सुरुवातीचे सदस्य. पुढे १९५६ ते १९६२ अध्यक्षही.

१९६६ मध्ये ते गेले. १९७९ मध्ये त्यांचं नाव एककाला मिळालं. पुढच्या वेळी तो बॅज दिसला, की या मोजणाऱ्या माणसाची आठवण नक्की काढा.