छात्रालयातील गुरुजी

थोर पुरुषांची चरित्रे म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे राजे, सेनापती, शास्त्रज्ञ आणि मुत्सद्दी उभे राहतात. ज्याने आपल्या आयुष्यातील उमेदीची वर्षे शाळकरी मुलांच्या सहवासात घालविली, अशा शिक्षकाचे चरित्र त्या मालिकेत क्वचितच आढळते. कै. पांडुरंग सदाशिव साने यांस सारा महाराष्ट्र साने गुरुजी या नावाने ओळखतो. त्यांचे 'श्यामची आई' हे पुस्तक ज्या घरात पोहोचले नाही, असे मराठी घर विरळा. परंतु ग्रंथकार म्हणून नाव होण्यापूर्वी गुरुजी एका छात्रालयातील मुलांचे पालक होते, आणि त्यांच्या पुढील सर्व कार्याचे बीज त्या छात्रालयात आहे, असे आम्हांस वाटते. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही त्यांच्या ग्रंथांपेक्षा त्यांच्या शिक्षकपणाकडे अधिक लक्ष देणार आहोत.

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड या गावी झाला. घराणे खोताचे, परंतु वडिलांच्या काळात कर्जापायी वैभव ओसरले आणि अखेर घरावर जप्ती येण्याची पाळी आली. अशा विपन्नावस्थेत त्यांच्या मातोश्री यशोदाबाई यांनी मुलांवर जे संस्कार केले, ते पुढे साऱ्या मराठी मुलखास ठाऊक झाले. त्या संस्कारांत देवधर्म होता, तसेच हाताने करावयाचे कामही होते. मुलाला पत्रावळ लावता येत नाही, याची त्या माउलीला खंत वाटे. विहिरीत उडी घेण्यास भिऊन दडून बसलेल्या मुलास तिने बाहेर काढून पोहावयास धाडले. माया करणे म्हणजे मुलाच्या भित्रेपणाला आसरा देणे, असे ती समजत नसे. डोक्यावरील ओझे न पेलणाऱ्या अस्पृश्य मानलेल्या वृद्धेस हात देण्यास तिने शिकविले. आजच्या भाषेत ज्यास जीवनकौशल्ये म्हणतात, त्यांचा पाठ गुरुजींनी आईच्या स्वयंपाकघरात व परसात घेतला होता.

पुढील शिक्षणासाठी या मुलाला घर सोडावे लागले. दापोली, औंध आणि पुणे असा त्याचा प्रवास झाला. औंध संस्थानात गरीब विद्यार्थ्यांची सोय होते असे समजल्यावरून तो तेथे गेला. पण तेथे प्लेग उद्भवल्यामुळे तेही स्थान सुटले. पुण्यास नूतन मराठी विद्यालयात शिकत असताना अर्धपोटी राहण्याचे प्रसंग आले. मित्रांनी आपल्या घासातला घास दिला म्हणून शिक्षण चालू राहिले. १९१७ साली आई निवर्तली, तेव्हा हा मुलगा तिच्याजवळ नव्हता. ते शल्य त्यांच्या अंतःकरणात जन्मभर राहिले. घरापासून दूर राहणाऱ्या मुलाला रात्री काय वाटते, आजारपणात कोणाची आठवण येते, फी भरावयास पैसे नसले म्हणजे वर्गात मान कशी खाली जाते, हे सर्व गुरुजींनी स्वतः भोगले होते.

पुण्यास उच्च शिक्षण घेतल्यावर तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी ते खानदेशातील अमळनेर येथील तत्त्वज्ञान मंदिरात आले. परंतु ग्रंथांच्या शांत सहवासात त्यांचे मन रमेना. १९२४ साली ते अमळनेरच्या हायस्कुलात शिक्षक झाले. हेच हायस्कूल पुढे प्रताप हायस्कूल म्हणून प्रसिद्धीस आले. गुरुजी स्वभावाने लाजाळू व अबोल; मुलांवर छाप पाडणारे उग्र व्यक्तिमत्त्व त्यांच्याजवळ नव्हते. अशा माणसाकडे शाळेच्या छात्रालयाची देखरेख आली.

छात्रालय म्हटले की नियमांची पाटी, हजेरी, दंड आणि छडी असे चित्र त्या काळी सर्वांच्या मनात असे. गुरुजींनी निराळी वाट धरली. मुलांच्या आठवणींतून जे चित्र दिसते ते असे : मुले शाळेत किंवा खेळावयास गेली म्हणजे गुरुजी त्यांच्या खोल्यांतून फिरत. कोठे विस्कटलेले अंथरूण घडी करून ठेवीत, कोठे कंदिलाची काजळलेली काच पुसून लख्ख करीत, कोठे मळलेले कपडे धुऊन वाळत घालीत. खोली झाडून घेत. त्याबद्दल एक शब्दही बोलत नसत. मुले परत येऊन पाहतात तो सारे जागच्या जागी! हे कोणी केले याचा उलगडा झाला, तेव्हा मुले शरमली. परंतु ही शरम अपमानाची नव्हती. चार मुलांत पाणउतारा झाल्यावर मूल एक तर खचते किंवा निगरगट्ट होते. येथे कोणी काही बोललेच नव्हते. जी टोचणी लागली ती आतून लागली. हळूहळू गुरुजींनी हात लावण्यापूर्वीच मुले आपली कामे आपण करू लागली, आणि पुढे आपल्या सोबत्याचीही करू लागली. छडीने जी शिस्त येते ती छडी दिसेनाशी होताच जाते. ही शिस्त गुरुजी गावास गेले तरी मागे राहणारी होती.

मूल आजारी पडले म्हणजे गुरुजी त्याच्या उशाशी बसत. ज्या मुलाची फी थकली असेल, त्याची अडचण आपल्या पगारातून भागवीत. देताना घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, याची ते काळजी घेत. पुण्यास ज्या मित्रांनी आपल्याला जगविले, त्यांचे ऋण ते जणू या मुलांच्या ठायी फेडीत होते.

या छात्रालयातील त्यांचा सर्वांत अभिनव उपक्रम म्हणजे 'छात्रालय' हे हस्तलिखित दैनिक. आमच्या शाळेत वर्षातून एक अंक सिद्ध करताना किती धावपळ होते, हे विद्यार्थी जाणतातच. गुरुजी एकटे, आपल्या हाताने, रोजचे दैनिक लिहून काढीत आणि मुलांच्या वाचनासाठी ठेवीत. त्यात देशातील घडामोडी असत, थोरांची चरित्रे असत, इतिहासातील प्रसंग व निसर्गातील गमती असत. आणि छात्रालयातील दैनंदिन जीवनाविषयीचे चिंतनही असे. समोर बोलावून सांगितलेला उपदेश मुलाला टोचतो. तोच विचार कागदावर सर्वांसाठी लिहिलेला वाचला, म्हणजे ज्याचा त्याला तो आपोआप लागू पडतो आणि कोणाचे नावही निघत नाही. शिवाय उद्याच्या अंकात काय असेल या उत्सुकतेने वाचनाची गोडी लागते ती निराळीच. याच ओघात १९२८ साली त्यांनी 'विद्यार्थी' हे मासिक सुरू केले. अमळनेरच्या मुलांसाठी पेटविलेला हा दिवा अशा रीतीने गावाबाहेरच्या मुलांपर्यंतही प्रकाश देऊ लागला.

१९३० साली देशात मिठाच्या सत्याग्रहाचे वारे वाहू लागले. देशप्रेमाच्या गोष्टी मुलांना सांगावयाच्या आणि हाक आली असता स्वतः वर्गात बसून राहावयाचे, हे गुरुजींच्या मनास पटेना. त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि सत्याग्रहात उडी घेतली. मुलांना सोडून जाताना त्यांना यातना झाल्या असतील यात संशय नाही. परंतु नेतृत्वाचा त्यांनी दिलेला सर्वांत मोठा धडा तोच होता. पुढारी तो, जो आपण सांगितलेल्या वाटेवर प्रथम आपण पाऊल टाकतो. १९३६ साली फैजपूर येथे खेड्यात भरलेले पहिले काँग्रेस अधिवेशन झाले, तेव्हाही गुरुजी सभामंचाच्या शोभेत रमले नाहीत. गावोगाव हिंडून लोकजागृती करणे आणि स्वच्छतेची हलकी मानलेली कामे करणे, हाच वाटा त्यांनी उचलला.

तुरुंगातही त्यांचा अभ्यास थांबला नाही. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात असताना त्यांनी तमिळ भाषा शिकून घेतली, आणि तमिळ भाषेतील 'कुरळ' हा थोर ग्रंथ पुढे मराठीत आणला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबाजी दर रविवारी गीतेवर प्रवचने देत. ती टिपून घेण्याचे काम गुरुजींनी केले, म्हणूनच 'गीता प्रवचने' हा ग्रंथ आज आपल्या हाती आहे. नंतर नाशिकच्या तुरुंगात १९३३ सालच्या फेब्रुवारी महिन्यात, अवघ्या पाच दिवसांत, 'श्यामची आई'चा बहुतेक भाग लिहून झाला. १९३५ साली ते पुस्तक प्रसिद्ध झाले. १९५३ साली आचार्य अत्रे यांनी त्यावर चित्रपट काढला, आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक १९५४ साली त्याच चित्रपटास मिळाले. छात्रालयातील मुलांच्या अनुभवांतून त्यांनी 'धडपडणारी मुले' ही कादंबरीही लिहिली. ज्या मुलांना ते सोडून आले होते, ती त्यांच्या मनातून कधी गेलीच नाहीत.

१९४१ साली राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली. सर्व जातिधर्मांच्या मुलामुलींनी एकत्र खेळावे, गावे व श्रम करावेत, ही दलाची दृष्टी गुरुजींच्या मनाजोगती होती. त्यामुळे ते या युवकांचे प्रेरणास्थान बनले. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला, तेव्हा दलाच्या कलापथकातील तरुण गाणी व नाट्यप्रवेश घेऊन त्यांच्याबरोबर हिंडले. १९४७ सालच्या मे महिन्यात गुरुजींनी पंढरपुरास उपोषण आरंभिले आणि मंदिराचे दार सर्वांस उघडले. छात्रालयातील खोली न बोलता झाडणारा हात येथेही दिसतो. दुसऱ्याला दुखविण्याऐवजी स्वतः क्लेश सोसून त्याच्या मनास जागे करावे, ही त्यांची रीत दोन्ही ठिकाणी एकच होती.

१५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. त्यातून आपल्या पुतणीस लिहिलेल्या पत्रांच्या रूपाने ते महाराष्ट्रातील सर्व मुलामुलींशी बोलू लागले. १९४९ साली पुण्याच्या साहित्य संमेलनात त्यांनी आंतरभारतीची कल्पना मांडली. निरनिराळ्या प्रांतांतील लोकांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्या, एकमेकांचे साहित्य व जीवन समजून घ्यावे, असा तिचा आशय. आमच्या वर्गांतील कित्येक मुले घरी कोंकणी बोलतात, शाळेत मराठी शिकतात, आणि बाजारात कन्नड व हिंदी ऐकतात. त्यांना ही कल्पना निराळी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. भाषांच्या सीमेवर राहणे हे ओझे न मानता भाग्य मानावे, हे मात्र गुरुजींपासून शिकण्यासारखे आहे.

आता या चरित्रातील शेवटच्या प्रसंगाकडे वळले पाहिजे. मुलांच्या मासिकात तो वगळावा, असे काहींना वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. गांधीजींच्या हत्येने गुरुजींच्या मनावर जबर आघात झाला होता. त्यानंतर त्यांनी २१ दिवसांचे उपोषण केले. भोवतालचे दुःख व द्वेष त्यांना सोसवत नसे, आणि खिन्नता त्यांच्या स्वभावात पूर्वीपासूनच होती. ११ जून १९५० रोजी मुंबईत त्यांनी आपल्या हाताने आपली जीवनयात्रा संपविली. तेव्हा त्यांचे वय अवघे ५० वर्षांचे होते. हा त्यांच्या जीवनाचा संदेश असे कोणी मानू नये. ती एका थकलेल्या मनाची व्यथा होती, आणि देशाची मोठी हानी होती. मन खचणे हाही आजारच आहे. त्यावर उपचार आहेत, आणि योग्य वेळी मदत मिळाली तर माणूस त्यातून बाहेर येतो, हे आज आपणांस ठाऊक आहे. ज्यांनी शेकडो मुलांचे अश्रू पुसले, त्यांनी स्वतःच्या अंतरीचा भार मात्र एकट्यानेच वाहिला. त्यांच्या उशाशी कोणी बसावयास हवे होते.

यातून विद्यार्थ्यांनी एक गोष्ट मनाशी बाळगावी. मन जड झाले, परीक्षेतील अपयशाने किंवा घरातील दुःखाने जगणे नकोसे वाटू लागले, तर ते आत कोंडून ठेवू नये. आई, वडील, शिक्षक, मित्र, ज्याच्यावर विश्वास असेल त्याला सांगावे. जरूर तर वैद्यांकडे जावे. यात कसलाही कमीपणा नाही. पोहावयास शिकताना जसा कोणाचा तरी हात धरावा लागतो, तसाच तो येथेही धरावा. आणि आपला एखादा सोबती गप्प गप्प राहू लागला, तर त्याच्याजवळ जाऊन बसावे व वडीलधाऱ्यांना कळवावे. पालकांनी व आम्हां शिक्षकांनीही ध्यानी घ्यावे की हसणारे मूल नेहमी सुखीच असते असे नाही, आणि दुसऱ्यांना धीर देणाऱ्यालाही धीराची गरज असते.

गुरुजींची प्रार्थना आजही कित्येक शाळांतून म्हटली जाते. तिचे सूर विरल्यावर वर्गातील विस्कटलेले बाक नीट लावणारा एखादा हात, आणि कोपऱ्यात एकट्या बसलेल्या मुलाची विचारपूस करणारे एखादे मन जागे झाले, तर अमळनेरचे ते छात्रालय अजून चालू आहे असे म्हणावयास हरकत नाही.