एक्सप्लेनर : लाच दिल्याची कबुली देणाऱ्यांचंच नुकसान? पुण्यात गाजलेलं क्रॉफर्ड प्रकरण काय होतं?

परदेशी कंपनी, मधला एजंट आणि सरकारी कामासाठी मोजलेले पैसे. अशी प्रकरणं बाहेर आली की दोन प्रश्न हमखास उभे राहतात. पैसे एजंटाने घेतले, तर साहेबावर गुन्हा सिद्ध कसा करायचा? आणि लाच दिल्याचं स्वतःहून सांगणाऱ्याचं काय करायचं? पुण्यात १८८८ मध्ये हे दोन्ही प्रश्न आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड यांच्यामुळे उभे राहिले होते.

कोण होते क्रॉफर्ड?

मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमुळे हे नाव अनेकांना माहीत आहे. क्रॉफर्ड १८६५ मध्ये मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर झाले. रस्ते, गटारं, सफाई यांवर त्यांनी धडाक्यात काम केलं. १८६९ मध्ये मंडई उभी राहिली. पण खर्च हाताबाहेर गेला, करदाते संतापले आणि १८७१ मध्ये त्यांना पायउतार व्हावं लागलं. तरीही सनदी नोकरी टिकली. पुढे बढत्या मिळत ते पुण्यात मध्य विभागाचे आयुक्त झाले.

आरोप काय होता?

मामलेदारांच्या नेमणुका, बढत्या आणि बदल्या आयुक्तांच्या हातात होत्या. त्यासाठी पैसे घेतले जातात आणि ते हणमंतराव या मध्यस्थामार्फत पोहोचतात, असा आरोप झाला. क्रॉफर्ड स्वतः कर्जात बुडालेले होते.

तेव्हा मुंबईचे गव्हर्नर होते लॉर्ड रे. पुण्याच्या महात्मा फुले मंडईचं मूळ नाव 'रे मार्केट' यांच्यावरूनच पडलं. त्यांच्या सरकारने पोलीस महानिरीक्षक ओमानी यांच्याकडे तपास सोपवला. अडचण एकच होती. लाच देणंही गुन्हाच, मग साक्ष द्यायला पुढे कोण येणार? म्हणून खरं सांगणाऱ्यांना सरकारने अभय दिलं आणि मामलेदार बोलते झाले.

निकाल काय लागला?

हणमंतराव फौजदारी न्यायालयात दोषी ठरला. क्रॉफर्ड यांच्यासाठी मात्र १८५० च्या सरकारी नोकर चौकशी कायद्याखाली तीन सदस्यांचा आयोग पुण्यात बसला. आयोगाने लाचेचे आरोप सिद्ध मानले नाहीत. आपल्या अखत्यारीतल्या लोकांकडून कर्ज घेतल्याचा ठपका तेवढा ठेवला. क्रॉफर्ड यांना नोकरीतून काढण्यात आलं, पण लाचखोर म्हणून शिक्षा झाली नाही.

मामलेदारांचं काय झालं?

खरा वाद इथे पेटला. पैसे देऊन पद मिळवलेली माणसं न्यायदान कशी करणार, असा सवाल इंग्लंडमध्ये उठला. १८८९ मध्ये खास कायदा करून साक्षीदारांना खटल्यांपासून संरक्षण मिळालं, पण त्यांच्यापैकी अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. लोकमान्य टिळकांनी या मामलेदारांची बाजू घेतली. सरकारने शब्द देऊन साक्ष घेतली, तर शब्द पाळलाही पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. पुण्यात त्यासाठी जाहीर सभाही झाली.

क्रॉफर्ड इंग्लंडला परतले. कोकण आणि दख्खनच्या आठवणींवर त्यांनी पुस्तकं लिहिली. १९११ मध्ये त्यांचं निधन झालं.

आज कायदा काय सांगतो?

भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये मोठे बदल झाले. लाच देणाऱ्याला ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मात्र बळजबरीने लाच द्यावी लागली असेल आणि ७ दिवसांत पोलीस किंवा तपास यंत्रणेला कळवलं, तर शिक्षा होत नाही. म्हणजे १८८८ मध्ये ज्या अभयाला सरकारी आश्वासनापलीकडे आधार नव्हता, त्याचा एक भाग आता कायद्यातच आहे.

मध्यस्थाची ढालही कंपनीला तितकीशी उपयोगी राहिलेली नाही. कंपनीच्या फायद्यासाठी तिच्याशी संबंधित कोणीही लाच दिली, तर कंपनीला दंड होतो. भारतात व्यवसाय करणाऱ्या परदेशी कंपन्याही यात येतात. लाच रोखण्याची पुरेशी व्यवस्था होती, हे कंपनीनेच दाखवायचं असतं. संचालकाची संमती किंवा संगनमत सिद्ध झालं, तर त्याला ३ ते ७ वर्षं कैद आहे.

एक पळवाट मात्र शिल्लक आहे. परदेशी सरकारी अधिकाऱ्याला लाच देण्याविरोधात अमेरिकेने १९७७ मध्येच कायदा केला, ब्रिटनने २०१० मध्ये. भारतात असं विधेयक २०११ मध्ये लोकसभेत आलं, पण मंजूर न होताच बारगळलं. त्यामुळे पुण्यातल्या एखाद्या कंपनीने परदेशातल्या अधिकाऱ्याला लाच दिली, तर तिला थेट लागू होईल असा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही.